अक्काच्या अंगणातून

अक्का गेल्याची बातमी आमच्या गल्लीत सगळ्यात आधी मला कळली. तिच्या लेकीचा बेल्लमपल्लीहून फोन आला, तो माझ्याकडे. अक्काचं घर बंद आणि मी समोर राहते, म्हणून. गल्लीतली एखादी तरी बातमी आधी माझ्या दारात यावी अशी माझी कितीतरी वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी झाली. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की मी सांगितलं तर लोक विचारतील, "तुले कोनं सांगितलं?" कारण आमच्याकडे बातमी म्हणजे अक्काने सांगितलेली. बाकीचं सगळं नुसतं बोलणं.

मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. माणूस गेलं म्हणजे हेवा जातो असं म्हणणाऱ्यांनी कधी मनापासून हेवा केलेला नसतो.

तिचं नाव रुक्माबाई. मूळची जैनथकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. आमच्या आदिलाबादेत मराठी माणूसही मोठ्या बाईला तेलुगूतलं 'अक्का' म्हणतो, त्यामुळे इथे अक्का पुष्कळ. पण नुसतं अक्का म्हटलं की ती. बाकीच्यांना पुढे काहीतरी जोडावं लागतं. मी 'पिकोवाली मंगलाक्का'. साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. माझ्यासारखा गळा या भागात कोणी काढत नाही, पण नावात मशीन लागतेच.

दिसायला काही विशेष नव्हती. बुटकी, रुंद, सुती नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला कायम माती. आवाज मात्र असा, की भिंतीपलीकडच्या माणसाला वाटावं आपल्याच घरातून कोणी बोललं.

भिंतीचं आधी सांगायला हवं.

आमची घरं आहेत ती जमीन पूर्वी कापसाची. दोन शेतकऱ्यांची शेतं शेजारी शेजारी आणि मधे धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून दोघांचं जुनं भांडण. एकाने नांगर जरा आत घालायचा, दुसऱ्याने बोरीच्या काट्यांचं कुंपण जरा पुढे सरकवायचं. मग गाव इकडे सरकलं, कापसापेक्षा प्लॉट बरे झाले, आणि दोघांनीही प्लॉट पाडून आपापल्या शेताचं व्हेंचर केलं. झेंडे लावले, कमानी उभ्या केल्या, कापूस गेला. धुरा मात्र गेला नाही. आमच्या बाजूच्या मालकाने त्या जागी डोक्याइतकी उंच भिंत घातली आणि आपला रस्ता भिंतीला समांतर नेला, म्हणजे घरांची पाठ शेजाऱ्याकडे राहावी. पलीकडच्याने आपला रस्ता सरळ त्या भिंतीवर आणून सोडला. कधीतरी यालाच उघडावी लागेल, असा त्याचा हिशोब. दोघेही आता नाहीत. त्यांचं भांडण आम्ही चालत होतो.

चालत म्हणजे खरंच चालत. शाळा भिंतीपलीकडे. प्रार्थना आमच्या गच्चीवर ऐकू यायची, पण पोराला शाळेत पोचवायचं तर आपल्या कमानीतून बाहेर पडा, ट्रकांच्या मोठ्या रस्त्याने जा, त्यांच्या कमानीतून आत शिरा. सगळं नवं गाव असंच वाढलं आहे. जुन्या गावात शेळी एका गल्लीत शिरली की पाहिजे त्या गल्लीतून बाहेर निघते. इकडे प्रत्येक व्हेंचर म्हणजे एकेक फणी. एक मोठा रस्ता, त्याला दाते, आणि दात्यांच्या टोकाला काही नाही. कमान सगळ्यांना आहे, मागचं दार कोणालाच नाही. पलीकडची बाई तिच्या गच्चीवरून मला हाक मारू शकायची, पण हळदीकुंकवाला यायचं तर तिला ऑटो करावा लागायचा.

आम्ही प्लॉट बघायला आलो तेव्हा गल्लीत समोरासमोरचे दोनच उरले होते. एक भिंतीच्या बाजूचा, आणि पलीकडचा तो रस्ता नेमका त्याच्या पाठीवर येऊन थांबलेला. प्लॉट दाखवणाऱ्या माणसाने लपवलं नाही. "वीधी पोटू उंदी, अम्मा," तो म्हणाला. घरावर सरळ चालून येणारा रस्ता घराला मारतो, असं इथे सगळे मानतात. घरात आजारपण येतं, पैसा टिकत नाही, भांडणं होतात. मी मानत नाही. पण उद्या विकायची वेळ आली तर घेणारा मानतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी समोरचा घेतला. अक्काने मार खाणारा घेतला, स्वस्तात.

गल्लीतल्या बायकांनी तिला उपाय सांगितला. मागच्या भिंतीत गणपतीचा दगड बसव, रस्त्याची नजर त्याच्यावर पडेल. तिने ऐकून घेतलं, गवंडी बोलावला, आणि भिंतीत दगड बसवण्याऐवजी भिंतच फोडली. रस्ता जिथे येऊन आपटत होता तिथे एका माणसापुरतं पत्र्याचं दार लावलं.

"रस्ता मारून राह्यला म्हन्ता ना," ती म्हणाली. "मंग त्याले आत घ्या. आत आलेला पाव्हना मारते का कोनाले?"

त्या दिवसापासून दोन्ही व्हेंचरांमधला एकुलता एक रस्ता अक्काच्या अंगणातून जाऊ लागला. आमच्या गल्लीतून तिच्या फाटकात शिरायचं, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांमधून जायचं, धुण्याच्या दगडाला वळसा घालायचा आणि मागच्या दाराने पलीकडे. शाळेची पोरं, दूधवाला, बाजाराला जाणाऱ्या बायका, देवळात जाणारे म्हातारे, सगळे तिथून. आणि मी समोरच्या खिडकीत मशीनवर बसून बघायची. त्याच प्लॉटला मी नाही म्हटलं होतं.

फुकट कोणी जात नव्हतं. पैसे ती घ्यायची नाही, पण दोन गोष्टी द्याव्या लागायच्या. एक, कुठे चाललात ते सांगायचं. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, काम होत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अक्का तोंडावर विचारायची. "कुठं चालली वं?" आणि 'जरा जाऊन येते' एवढ्याने तिचं भागायचं नाही. कोणाकडे, कशाला, केव्हा परत, सगळं. दुसरं, हाताला येईल ते काम करायचं. वाफ्यात पाणी वळवा, उंचावरचं लिंबू तोडून द्या, आणि सकाळची वेळ असेल तर धुतलेल्या नऊवारीचं दुसरं टोक धरा. ती एका टोकाला पीळ द्यायची, जाणारा दुसऱ्या टोकाला, आणि त्या पिळात माणसाच्या घरातलं सगळं पाण्यासारखं बाहेर यायचं. सुनेचं बाळंतपण कुठे करायचं इथपासून कापूस कोणत्या अडत्याकडे नेला इथपर्यंत. तेलुगू शाळेची पोरं तर पळता पळताच ओरडायची, "अक्का, स्कूल! पोयि वस्ता!" जाऊन येतो, एवढंच. तिला तेवढं पुरे व्हायचं.

माझी पंचाईत ही होती की माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच दाराने येऊ लागली. धंद्याला चांगलंच झालं, हे मी नाकारत नाही. पण माझ्यापर्यंत येईतो ती रिकामी झालेली असायची. सांगायचं ते सगळं अक्काला सांगून व्हायचं. ब्लाऊजची मापं माझ्याकडे आणि गोष्टी तिच्याकडे. वर ती कापड उलगडून बघायची. पलीकडची एक मास्तरीण हिरवं कापड घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का म्हन्ते याले पाठीमागून खोल गळा नोको, उन्हानं पाठ काळी झाली तुही." मी टेप हातात धरून उभी. अक्काने जन्मात पोलक्याशिवाय काही घातलेलं नव्हतं.

"मंग अक्काच्याच इथं शिव ना," मी म्हणाले.

"तिच्याकडं मशीन कुठं हाय?" मास्तरीण भाबडेपणाने म्हणाली. म्हणजे मशीन असती तर गेलीच असती.

मी कधी त्या अंगणातून गेले नाही. माझ्या पोराला शाळेत सोडायला मी मोठ्या रस्त्याने जायची, ट्रकांची धूळ खात. नवरा जिनिंगमध्ये कामाला, तो मात्र सर्रास तिथून जायचा, आणि घरी येऊन मलाच आमच्या गल्लीच्या बातम्या सांगायचा. "काऊन उगा फेरा मारतं?" तो विचारायचा. मी म्हणायची, "चालनं तब्बेतीले चांगलं असते."

एकदा महसूलचे गिरदावर आले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात नकाशा. कोणीतरी तक्रार दिली होती की खाजगी प्लॉटमधून आम रस्ता काढला आहे. मी नव्हे. मला तसलं सुचलं असतं तर मी तोंडावर दिली असती. गिरदावर फाटकात उभे राहून म्हणाले, "अम्मा, ये रास्ता कबसे चालू है?"

"साब, पैले ये पकडो," अक्का म्हणाली आणि नऊवारीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"अरे, हम सरकारी काम पे आए हैं..."

"हौ, सरकारी. पन हात तो दो है ना. घुमाओ. उधर नै, उल्टा घुमाओ."

मी खिडकीतून बघत होते. साहेबांनी नकाशा काखेत मारला आणि पीळ दिला. पाण्याची चिळकांडी सरळ शर्टावर. शिपाई तोंड फिरवून हसला. पीळ पुरा होईपर्यंत साहेबांच्या मुलीला बेज्जूरकडचं स्थळ आलं आहे, जंगलाजवळ एवढ्या लांब द्यावी की नाही या विचारात ते आहेत, हे सगळं अक्काला कळलेलं होतं. "दो," अक्का म्हणाली, "पर पैले लडके का घर मागून से देखो. सामने से सब घर अच्छे दिखते." साहेब मागच्या दाराने निघून गेले. तक्रारीचं काय झालं ते कोणी ऐकलं नाही. पुढे त्या लग्नाची पत्रिका मात्र अक्काला आली. आमच्या घराला सरकारकडून पाणीपट्टीच्या चौकशीशिवाय काही आलेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, आपणही काही करावं. माझ्या दारापुढे जागा होती. मी सिमेंटचा बाक करून घेतला, वर पत्रा टाकला, पाण्याचा रांजण ठेवला, पेला साखळीला बांधला. लोक बसतील, पाणी पितील, चार शब्द बोलतील. आणि लोक बसले. दुपारी जेवण झालं की अक्का दोन्ही दारांना कडी लावून झोपायची. त्या वेळात आलेले सगळे माझ्या बाकावर बसायचे, माझं पाणी प्यायचे आणि तिच्या फाटकाकडे बघत राहायचे. मी मशीनवरून काही विचारलं तर हुं हुं करायचे. कडी वाजली की उठायचे. एका म्हाताऱ्याने जाता जाता मला शाबासकी दिली, "लय चांगलं केलं बाई. अक्का उठेपर्यंत बसाची सोय झाली."

मी बाक तोडला नाही. सिमेंट वाया घालवणारी मी नव्हे.

मग गाड्यांचे दिवस आले. पलीकडे आणखी तीन-चार शेतांची व्हेंचरं झाली, घरोघरी मोटारसायकली आल्या, शाळेचे ऑटो आले. पायी जाणाऱ्यापुरतं दार आता कोणाला पुरेना. दोन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं, की अक्काचं अंगण रस्त्याला जावं. घर एका अंगाला होतं, ते राहील. मुन्सिपालिटी रस्ता करून देईल, फक्त जागा तिने लिहून द्यायची. कौन्सिलर स्वतः आले. सगळ्यांना वाटलं, जी बाई रोज अख्ख्या गावाला अंगणातून जाऊ देते ती नाही कशाला म्हणेल? सहीचा उपचार तेवढा बाकी आहे, असं धरून एकाने नारळही आणला होता.

अक्का म्हणाली, "नाही देत."

"काऊन अक्का? लोकं तर जातेतच ना तुमच्याइथून."

"जातेत तर जाऊ द्या. दार उघडं हाय. रस्ता नाही देत."

समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढले. कोणी म्हणालं, जास्त पैसे पाहिजेत तिला. कोणी म्हणालं, म्हातारीला मोठेपणाची चटक लागली. ज्यांच्या घरचं सगळं तिला ठाऊक होतं तेच जास्त बोलले. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी तिच्या दारातून जाणं बंद केलं. सगळे मोठ्या रस्त्याने, रागाने, लांबून. पोरांनाही आयांनी हात धरून तिकडून नेलं.

मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. पण माझी भानगड वेगळीच होती. बैठकीत नकाशा पसरला तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, की पलीकडचा रस्ता अक्काच्या अंगणातून सरळ पुढे आणला की तो थेट माझ्या दारावर येऊन थांबतो. जो मार चुकवायला मी समोरचा प्लॉट घेतला, तो मला बसणार. तेव्हा अख्ख्या गल्लीत अक्काच्या बाजूने एकटी मी होते. असं माझं नशीब.

तीन-चार दिवस मी खिडकीतून बघितलं. सकाळी ती नऊवारी धुवायची आणि एक टोक लिंबाच्या फांदीला बांधून एकटीच पीळ द्यायची. फांदी वाकायची, पाणी धड निघायचं नाही. दारं दोन्ही सताड उघडी. ती वाफ्यात बसून एकदा या दाराकडे बघायची, एकदा त्या.

शेवटी मी गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या फाटकातून आत. तिने मान वर केली. मला वाटलं, आता विचारेल, कुठं चालली? तिने विचारलं नाही. म्हणाली, "बस. तू काई पलीकडं जानारी नाहीस. माह्याकडंच आली."

"अक्का, देऊ नोका रस्ता," मी म्हणाले.

ती हसली. "तुले काय भेव हाय ते मले मालूम हाय. तुह्या दारावर मारंल ना?"

"मी नाई मानत तसलं."

"हौ. म्हनून तर समोरचा घेतला तवा." ती माती झटकत उठली. "मी मानत होती, बाई. लय भेव वाटे. मालक नुकतेच गेलते, पोरगी लग्न होऊन बेल्लमपल्लीले. एवढ्या घरात एकटी. रात्र झाली का वाटे, हा रस्ता आता आत येते. तर मंग मीच दार केलं. मानसं येऊ लागली. मानसं असली म्हंजे भेव नाई लागत."

"तर मंग रस्ता काऊन नाई देत?"

"अवं, रस्ता झाला तर मले सांगून कोन जाईन?" ती म्हणाली. "आता दारातून जातेत, माह्या घरातून जातेत, म्हनून थांबतेत. रस्त्यावर कोनी कोनाले सांगते का, मी इथं चाललो, तिथं चाललो? गाडीवर बसून भुर्रकन जातीन."

मला गप्प बसता आलं असतं. बसायलाच हवं होतं, माझ्या भल्यासाठी. पण खोटं धीराचं बोलायची मला सवय नाही, आणि समोर दिसतं ते तोंडातून निघतंच. मी म्हणाले, "सांगून जानारे आता तरी कुठं येऊन राह्यले?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही दारांकडे. मग म्हणाली, "धर ते टोक."

मी नऊवारीचं टोक धरलं. पाहिजे तेवढं पाणी निघालं. माझ्याकडून तिने काही काढून घेतलं नाही, याचंही मला नंतर वाईट वाटलं. एवढी का मी पोकळ?

दुसऱ्या दिवशी तिने कौन्सिलरला निरोप पाठवला, जागा देते. एका वाक्यात मी माझ्याच दारावर रस्ता ओढून घेतला होता.

तिने अट मात्र घातली. पैशाची नव्हती, स्वतःचं नाव रस्त्याला द्या अशीही नव्हती. रस्ता आपल्या ओट्याला लागून जाईल तिथे गतिरोधक पाहिजे, म्हणाली. मोठा. इंजिनिअर म्हणाला, एवढ्याशा रस्त्याला गतिरोधक लागत नाही. ती म्हणाली, मग जागाही लागत नसेल. करायला लावला. काम चालू असताना स्वतः उभी राहून, "अजून टाक, अजून टाक," म्हणत उंच करून घेतला. असा झाला की वेगाने येणारा खाली पडावा.

रस्ता झाला. भिंत पाडली त्या दिवशी लोकांनी फटाके वाजवले, आणि ज्यांनी वाट्टेल ते बोलून घेतलं होतं त्यांनीच अक्काला हार घातला. दोन्ही कमानींतून गाड्या सुरू झाल्या. मी खिडकीत बसून वाट बघत होते, आता कशी जिरते ते. मोटारसायकल यायची, गतिरोधकाशी पाय टेकवून हळू व्हायची, आणि ओट्यावरून आवाज यायचा, "कुठं चालला रे?" आणि लोक सांगायचे! पाय टेकलेला, गाडी चालू, आणि सासुरवाडीपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगून मग क्लच सोडायचे. शाळेचा ऑटो थांबला की आतली सगळी पोरं एकदम ओरडायची. पूर्वी अंगणातून जायचे त्याच्या कितीतरी पट माणसं आता तिच्यापुढून जायची, आणि ती ओट्यावरून हललीही नव्हती.

रस्त्याच्या माराचं मीही बघून घेतलं. वास्तूवाला बोलावला नाही. दर्शनी भिंत पाडून शटर लावलं, मशीन बाहेरच्या खोलीत आणली, फॉल आणि अस्तराचं कापड विकायला ठेवलं. रस्ता सरळ माझ्या दुकानात येऊन थांबतो. धंदा दुप्पट झाला. मारणाऱ्याला आत घ्यायचं, हे मी कोणाकडून शिकले ते मी कोणाला सांगत नाही. पाटीवर दुकानाचं नाव मी मोठ्या अक्षरात काढून घेतलं आहे, तेलुगूत आणि मराठीत. मुन्सिपालिटीने रस्त्याला कोणा मोठ्या माणसाचं नाव दिलं आहे. ऑटोवाले माझ्या दुकानाचा पत्ता सांगतात, "अक्का गल्लीच्या तोंडावर."

तिचे गुडघे गेले तेव्हा लेक न्यायला आली. सकाळची वेळ होती. ऑटोत मागे अक्का, शेजारी लेक, पायाशी बोचकं आणि पिशवीत मेथीचं बी. तिकडे कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरात कुठे पेरणार होती, देव जाणे. ऑटो निघाला आणि गतिरोधकाशी येऊन हळू झाला. मी शटरमध्ये उभी होते. हातात कोणाचं तरी ब्लाऊज, सुई दातात.

"थांब रे," अक्का ऑटोवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले.

"इचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"मानूस चाललं तर इचारत असते."

मी दातातली सुई काढली. आयुष्यात कोणाला मी तसं विचारलं नव्हतं. अपशकून म्हणून नव्हे, मला काय करायचंय म्हणून.

"कुठं चालल्या, अक्का?"

तिने पदर सावरला आणि सगळं नीट सांगितलं, जसं तिला लोकांनी सांगायला हवं असायचं तसं. लेकीकडे, बेल्लमपल्लीला. गुडघे दाखवायला. तिथला डॉक्टर सुई देतो म्हणतात, सुई नको असं सांगणार आहे. जावई दिवसपाळीला असतो, नातीचं बारावीचं वर्ष आहे, तिला भाकरी करता येत नाही ती शिकवायची आहे. थंडी सरली की परत. लिंबाला पाणी घालायचं, लिंबं तू घे, पण एखादं मास्तरणीलाही देत जा म्हणजे ती रोज येत जाईल. एवढं मला तिने पहिल्यांदाच सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं.

"चाल आता," ती ऑटोवाल्याला म्हणाली. ऑटो गतिरोधकावर चढला, आदळला, आणि तिचं डोकं वरच्या टपाला लागलं.

"कोना हुशारानं केला बे एवढा उच्चा!" ती ओरडली. लेक हसायला लागली, ऑटोवाला हसला. मी नाही हसले.

ऑटो तिच्या जुन्या अंगणावरून गेला, भिंत होती ती जागा ओलांडली, आणि पलीकडच्या लांब सरळ रस्त्याने जात राहिला. ओट्यावर बसून माणूस समोरून जातो तेवढाच दिसतो, मग घराच्या कोपऱ्याआड होतो. तिला आयुष्यभर लोक तेवढेच दिसले. मला रस्ता सरळ येऊन मारतो, म्हणून मला सगळा दिसतो. तिचा ऑटो शाळेपाशी बारीक झाला, कमानीपाशी आणखी बारीक झाला, आणि वळेपर्यंत मी हातात ब्लाऊज घेऊन बघत उभी राहिले. एवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे, जी तिच्याकडे नव्हती.